य

परिपत्रक तीन पानी. त्यात 'संमती' हा शब्द अकरा वेळा.
मी मोजला, कारण मुख्याध्यापिका बोलत होत्या
आणि खिडकीतून आंबिल ओढ्याचा वास येत होता.

आठवी ब. पट एक्केचाळीस.
मंगळवारपर्यंत आलेले कागद नऊ,
त्यातले चार नकार, एक कोरा,
एकावर आमटीचा डाग, सही मात्र नाही.

"बाई, पप्पा म्हणतात, निघालं तर?"

निघालं तर, हे परिपत्रकात आहे:
विद्यार्थ्याने सात दिवस स्वतंत्र खोलीत राहावे,
स्वतंत्र स्वच्छतागृह वापरावे,
घरातील कोणीही बाहेर पडू नये.
दांडेकर पुलाच्या वस्तीत मी पटनोंदणीला फिरले आहे.
तिथे स्वतंत्र असतो तो विजेचा मीटर,
तोही सगळ्यांचा नाही.

बुधवारी प्रांजल अडागळेने कागद दिला.
घडी नीट, कोपरे नीट.
स्वतंत्र खोली : होय.
स्वतंत्र स्वच्छतागृह : होय.
पालकाची सही : वैजयंता अडागळे.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पाचवीत असताना हिच्या प्रगतिपुस्तकावर
तिची आई सही करायची माझ्यासमोर,
पेन मुठीत धरून, रेघ सोडून खाली घसरत:
वैजंता.
'य' तिच्या नावात कधीच नव्हता.
हाक मारताना कुणी घातला नाही,
लिहिताना तिने घातला नाही.
तो मी शिकवलेला, तिच्या मुलीला.
शब्द पूर्ण लिहा गं,
तुम्ही अक्षर खाल्लं की ते तुमचा गुण खातं.

"यात एक चूक आहे," मी म्हणाले.
ती कागदावर वाकली, बोट फिरवत गेली,
ऱ्हस्व पाहिलं, दीर्घ पाहिलं.
"शुद्धलेखन बरोबर आहे, बाई."
"म्हणूनच."

तिचे कान लाल झाले, मास्कच्या दोऱ्यांपाशी.
"कागदाशिवाय वर्गात घेणार नाही म्हणालात.
दोन वर्षं मोबाइल दादाकडेच होता, बाई."

नियमाने मी कागद रद्द करायचा,
नियमाने वर कळवायचं.
नियम माझ्याकडे शिक्क्यासकट होता.
आणि पर्समध्ये दुसरा एक कागद,
माझ्या ईशानच्या शाळेचा, गुळगुळीत,
चार दिवस घडीत.
सासऱ्यांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी.
निघालं तर?

संध्याकाळी सहाला वैजंता आली,
सहकारनगरातली चार घरं आटोपून,
हातांना फोडणीचा वास.
बस म्हटलं तर बसली नाही.
"नाकात काडी घाला, घशात घाला, माझं काही नाही.
पण निघालं तर चारी दारं बंद होणार,
आणि सात दिवसांनी उघडतील असं
तुमच्या कागदात कुठं लिहिलंय?"

मी तिन्ही पानं उलटली. मागची बाजूसुद्धा.

पंखा फिरत राहिला.
प्रांजल बाहेर पायरीवर,
मास्क खाली ओढून नखं खात.

"दहा तारखेनंतर घ्या," ती शेवटी म्हणाली.
"दहाला पैसे हातात पडतात."
तपासणी आठला होती.
मी यादीत प्रांजलचं नाव खोडून
दुसऱ्या फेरीत लिहिलं, बाराला.
कारण : पोटदुखी.
खोटं अक्षर माझंही सुबकच येतं.

मग तिने माझं पेन घेतलं, मुठीत.
होय खोडलं. नाही.
दुसरं होय खोडलं. नाही.
खाली, रेघ सोडून: वैजंता.
"वरचं खोडू का, बाई? पोरीनं लिवलेलं?"
"राहू दे."

रात्री भांडी आवरून मी पर्स उघडली,
घडी उलगडली, ओट्यावर हाताने सपाट केली.
पेन शोधलं. सगळे कप्पे पाहिले.
पेन तिच्यासोबत गेलं होतं.