एकोणीस मिनिटं पुढे

कॅमेऱ्याचं घड्याळ एकोणीस मिनिटं पुढे होतं,
हे कळायला मला सहा वर्षं लागली.
तोवर चतुःशृंगीच्या पायऱ्या
सेनापती बापट रस्त्याच्या सिग्नलला जाऊन बसलेल्या,
नणंदेच्या नातीचं बारसं पेट्रोल पंपावर,
आणि नळस्टॉपच्या पोह्यांची प्लेट
म्हात्रे पुलावर, नदीच्या बरोबर मधोमध.

छंद एवढाच, की
पर्समध्ये काड्यापेटीएवढा लॉगर, मी चालते तशी तो रेघ ओढतो.
रात्री घरी येऊन फोटोची वेळ आणि रेघेची वेळ जुळवायची,
मग एकेका फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश भरायचे,
करंजीत सारण भरावं तसे, कडा नीट दाबून.
भाचा म्हणतो, मावशी, आता फोन आपोआप करतो हे.
करू दे की.
फोन तर काय, वाढदिवसही आपोआप लक्षात ठेवतो.

पण मी स्टेशनच्या आरएमएसमध्ये तेहतीस वर्षं
खणांच्या कपाटापुढे उभं राहून टपाल लावलंय.
चार डेक्कन, तीस सदाशिव, अडतीस कोथरूड,
हात आधी जायचा, डोळे मागून.
‘मारुतीसमोर, पुणे’ एवढ्यावर आलेलं पाकीट
सोट्याचं की जिलब्याचं
हे आम्ही पाठवणाऱ्याच्या अक्षरावरून ठरवायचो.
चुकलो तर पोस्टमन उद्धार करायचा.
पत्ता नसलेली वस्तू हातात राहिली
की अजून तळवा खाजतो.

तुळशीबागेत मात्र लॉगरची शुद्ध हरपते.
वीस हजार किलोमीटरवरून आलेला सिग्नल
दुकानांच्या पाट्यांवर आपटत फिरतो,
नकाशात मी भिंतींतून आरपार जाते,
कुणाच्या तरी माजघरातून दोनदा.
खरं तर एकाच जागी उभी, बांगड्यांचं माप देत.
असले ठिपके मी हाताने उचलून परत ठेवते.

तर, एकोणीस मिनिटं.
एका रविवारी बसून सगळीकडून वजा केली.
दोन हजार तीनशे फोटो एकदम मागे सरकले.
पायऱ्या देवीकडे गेल्या,
बारसं हॉलमध्ये,
पोहे नदीतून निघून कोरडेच्या कोरडे गाडीवर आले.

रुक्साना तांबोळी तेवढी राहिली.
तिच्या रिटायरमेंटचा दिवस, एक नंबरच्या टोकाला,
हातात हाराची पिशवी, कपाळावर आठ्या,
‘अगं काढ लवकर, दौंडची गाडी जाईल.’
काढला. तिने गाडी पकडली.
मी बाहेर येऊन कोथरूडची बस घेतली.
त्यानंतर दोनदा फोन झाला, एकदा ईदला,
एकदा चुकून लागलेला.

चुकीच्या घड्याळाप्रमाणे ती
नरपतगीर चौकात आहे,
माझ्या बसमध्ये, बायकांच्या सीटवर, खिडकीकडे,
हाराची पिशवी मांडीवर घेऊन,
आणि दौंडची गाडी तिच्याशिवाय
हडपसरच्या पुढे गेलेली.

ठिपका चुकलाय.
बरोबर आकडे मला पाठ आहेत,
पाचव्या दशांशस्थळापर्यंत.
चौकटीत कर्सर लुकलुकतो.
मी चहा टाकायला उठते.