तिसरा प्रश्न

वर्ध्याच्या ट्रेनिंगला घाटोळे सर म्हणाले,
मशीन तीनच प्रश्न इचारते, पोट्टेहो :
तू कोण?
कशावरून?
आणि तुला इथं काय काय करता येतं?

पहिले दोन बोरखेडीत कोणी विचारत नाही.
अंधारात खोकला ऐकून माणूस ओळखतात,
फटफटीच्या आवाजावरून कळतं सिस्टर आल्या,
मला तर कुत्रीही भुंकत नाहीत.

तिसऱ्याचं उत्तर गावाला फार आधीपासून पाठ.
कोण फाटकापर्यंत, कोण ओसरीपर्यंत,
कोणाची बादली कोणत्या विहिरीत.
माझ्या बापाच्या आजीला जिथून परत धाडलं
ती विहीर अजून आहे, पऱ्हाट्या टाकून बुजवलेली.
कुठल्याच लॉगमध्ये तिची नोंद नाही.

म्हणून आरोग्य केंद्रातली ही यादी मला आवडली.
ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच दार.
औषधवाल्या उमरेकरांना गोळ्यांचा साठा दिसतो,
गोळी कोणाच्या पोटात गेली ते दिसत नाही.
आशाताईला तिच्याच वस्तीतल्या गरोदर बाया.
डॉक्टरांना सगळं,
पण त्यांनी खोडलं तरी खोडल्याची खूण राहते.
आणि मी, करुणा थूल, डाटा एन्ट्री, मानधनावर :
भरायचं, भरलेलं तपासायचं, बस्.

उपसरपंच खुर्ची ओढून बसले,
'लिस्ट त दाखव बाई, गाव आपलंच हाये.'
मी म्हटलं, गाव आपलं, आजार ज्याचा त्याचा.
त्या संध्याकाळी सायकल हलकी चालली.

मग मे महिना. कूलर बंद, इन्व्हर्टर शेवटच्या धगीला,
शाळेतून फोन, पोराला ताप.
आठ नोंदी राहिल्या होत्या.
प्रफुल म्हणाला, 'तू जाय, मी करतो.'
गावात मागितलं तर देतात :
विळा, विरजण, सायकलचा पंप.
मी पासवर्ड दिला.
पोराचं नाव, पुढं त्याचं जन्मसाल.

नोंद अशी आहे :
दुपारी तीन वाजून दहा. करुणा थूल.
एक केस उघडली. एक मिनिट चाळीस सेकंद.

आठवड्यात गिरणीवर बाया हळू बोलायला लागल्या.
मुलगी मावशीकडे गेली, यवतमाळला.
बारावीचं हॉलतिकीट घरीच राहिलं.

प्रफुल म्हणतो, मी नव्हतो.
मशीन म्हणते, तू होतीस.
घाटोळे सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर
मी उसनं दिलं होतं.

आता पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे,
दोनदा मलाच आठवला नाही.
ती ओळ मला खोडता येत नाही,
तेवढा अधिकार माझ्याकडे नाही. नसावाच.
गिरणीवर अजून विचारतात, कोन व ते पोट्टी?
तुम्हीही विचाराल.
इथं लिहिणार नाही.

काल तिची आई ओपीडीच्या रांगेत होती.
खिडकीतून कागद सरकवला, माझ्याकडे न बघता.
मी स्क्रीन तिच्याकडे वळवली,
बघा काकू, मला एवढंच दिसतं.
तिनं बघितलं नाही.
'टाक बाई,' म्हणाली,
'तुले जे टाकाचं ते.'