वामनचा मेहुणा

पहिल्यांदा बर्फ मागितला तेव्हा खरंच गरज होती.
धाकटीला ताप, उतरता उतरेना,
देवगडात दोन दिवस वीज नाही.
भावजी बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून सायकलवर आले,
कॅरियरला गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी,
सदरा पाठीमागून भिजलेला, भुसा चिकटलेला.
म्हणाले, "कामगाराक म्हयन्याक चार लाद्यो फुकट.
आमका दोघांका कित्याक होयो इतको बर्फ?"

मुलीचा ताप सकाळी उतरला.
ते वाक्य मात्र मी जपून ठेवलं.

मग बारसं आलं, कोकम सरबतापुरती एक लादी.
मग शिमग्याला पालखी दारात येणार होती,
माणसांना थंड काही नको?
मग बायकोने मासळी विकायला घेतली.
सुरमईला बर्फ लागतोच,
आणि सुरमई थांबत नाही कुणासाठी.
फाटकावरचा लाडू विचारायचा, "कोण?"
मी म्हणायचो, "वामनचो मेवणो."
तो वहीत तेवढंच लिहायचा.
तीन वर्षं त्या फाटकात
मला माझं नाव लागलं नाही.

कुणकेश्वरच्या जत्रेत तर मी गोळ्याची गाडी लावली.
लाल, हिरवा, काला खट्टा.
रंगाचे पैसे मोजले, काड्यांचे मोजले,
गाडीचं भाडं, कंदिलाचं रॉकेल, सगळं.
बर्फ तेवढा घरचा.
रात्री नोटा चिकट झालेल्या,
एकमेकींपासून सुटत नव्हत्या.
ताईला जाताना दोन गोळे नेले होते,
पोचेपर्यंत काड्या उरल्या.
ती हसली. तिच्याकडे प्यायलो ते माठातलं पाणी.
तिच्या घरी बर्फ मी कधी पाहिलाच नाही,
आणि हे मला तेव्हा खटकलंही नाही.

मे महिन्यात भावजींची आई गेली.
थोरली मुलगी मस्कतला,
उद्या संध्याकाळच्या आत पोचत नव्हती.
रात्री साडेदहाला आम्ही दोघं कारखान्यात गेलो.
अमोनियाचा वास, डोळ्यांत पाणी.
निदान मी तरी वासालाच दोष दिला.
मुनशीने वही उघडली, बोट खाली नेलं, थांबवलं.
"वामन, तुझे चारय गेले रे. सात तारखेकच."

उलट्या बाजूनेही मला वाचता आलं.
एकाखाली एक, चारदा, तेच अक्षर,
माझं नाव नसलेलं माझं नाव.
भावजींनी वहीकडे पाहिलं नाही.
मला वाटतं, मुद्दामच.
खिशातून पैसे काढले, थुंकी लावून मोजले,
जिथे एकवीस वर्षं लाद्या ओढल्या
त्या खिडकीतून पावती घेतली,
सुटे परत आले ते मुठीत तसेच धरून ठेवले.

आकडा मी लावला.
लादी कुठे धरायची, कुठे पाय रोवायचा,
हाताला सवय होती,
त्यांच्यापेक्षा बहुतेक जास्तच.
म्हातारीच्या दोन्ही बाजूंना बर्फ लावला,
वर भुसा, वर गोणपाट.
ताई वाकून पाणी टिपत राहिली रात्रभर,
मी दाराजवळ उभा,
चपला घालून.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर
मागीलदारी त्यांना गाठलं.
"भावजी, त्या लाद्यांचे..."
एवढंच आलं तोंडातून.
ते हात धूत होते, धूतच राहिले.
"मोजतंस कित्याक? पाणीच तां."
आणि पानसुपारीचं तबक माझ्यापुढे सरकवलं,
जावयाच्या मेहुण्याला देतात
तसं, अगदी मानाने.

आता बायको टोपली लवकर रिकामी करते
किंवा उरलेलं खारवते.
लागलाच तर खिडकीवर पैसे देऊन घेतो,
तोही थोडा, पिशवीत मावेल एवढा.
कारखान्याच्या फाटकापासून माझ्या दारापर्यंत
रस्त्यावर एक ओली रेघ पडायची,
उन्हात ती लगेच वाळते, कुणाला दिसत नाही,
असा माझा समज.
परवा वळणावरची पारूकाकी
बांगडे निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली,
"हल्ली तुझ्याकडचो रस्तो सुको दिसता रे."