खाट नऊ, रात्री तीन

प्रणोती, रडणाऱ्या पोराला भिऊ नकोस.
ज्याच्या अंगात रडायचं बळ आहे
ते थांबू शकतं घटकाभर.
आधी कोपऱ्यातल्या त्या गप्प बाळाकडे जा.
अकरा दिवसांचं, बेदाण्याच्या शेडवरून आलंय,
दुपट्याला अजून गंधकाचा वास.
आई म्हणते, "लई शानं हाय, दूद बी मागत न्हाई."
शहाणं नाही गं ते.
दुपटं सोड, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का बघ.
पूर्ण एक मिनिट मोज.
पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नकोस,
तान्ह्याचा श्वास पाढे पाळत नाही.
टाळूवर बोट ठेव, इतकं हलकं
की घडातलं द्राक्ष चाचपावं
आणि त्यावरची लव पुसली जाऊ नये.

हौसाबाईंना "छातीत दुखतंय का" विचारलंस,
त्या नाही म्हणाल्या, तू नाही लिहिलंस.
त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे हातातलं काम थांबणं.
विचार, आज काय काय केलं.
मग निघेल हळूच:
"पाटी उचलवली न्हाई बघा, जबडा धरलाय, पित्त असंल."
त्या 'असंल'वर ईसीजी काढ.

आणि सोळा वर्षांच्या त्या पोरीच्या आईला
केसपेपर काढायला पाठव.
केसपेपर काढून झालेला असला, तरी पाठव.

हे मिरजेच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
मला शिकवलं ते याच खाटेवर, धोंडीराम आबांनी.
ताप नव्हता. बी.पी. बरं. ऑक्सिजन पंच्याण्णव.
तक्ता आखल्यासारखा सरळ.
फक्त दिवेलागणीपासून ते चादरीवरून
काहीतरी वेचत होते, न संपणारं,
आणि सुनेला आक्का म्हणाले.
सून हसली. मीही हसले.
'वय झालं' असं मी कागदावर लिहिलं नाही,
मनात मात्र लिहिलं.
डॉक्टर मगदूम दोन सिझेरियन करून
नुकते आडवे झाले होते.
फोन मी पाचला केला.
तीनला केला असता तर काय झालं असतं
ते मला कुणी सांगितलं नाही.
मीही कुणाला विचारलं नाही.

आता चांदबी खाला.
थर्मामीटर म्हणतो, काही नाही.
त्याचं ऐकू नकोस एवढ्यात,
म्हातारं अंग कधी कधी तापायचंही विसरतं.
काल त्यांनी तुला वेणीवरून बोलणी दिली,
"सैल घालतीस, तेल तरी लाव."
आज तुझ्याकडे बघितलं
आणि विचारलं, हे घर कुणाचं.
चहा तसाच. साय धरलेली.

फोन कर.
काय सांगू म्हणतेस?
कालची बाई आज इथं नाही, हे सांग.
मग लघवी किती झाली, श्वास किती, साखर किती,
सगळं हातात घेऊन बोल,
कारण नुसत्या 'मला वाटतं'ला
रात्री तीन वाजता कुणी उठून येत नाही.
ते वैतागतील. म्हणतील, "एवढंच?"
हो म्हण.
आणि फोन ठेवू नकोस.

मी इथंच आहे, बाळापाशी.
तू मोजलंस ते बरोबर असेल, तरी मी पुन्हा मोजतेय.
सत्तावन्न,
अठ्ठावन्न,
थांब, आत्ता काही बोलू नकोस.