चाळीसपर्यंत मोजायचं

आधी पडदा फिका होतो,
फार वेळा धुतलेल्या परकरासारखा.
मग ते निळं वेटोळं फिरायला लागतं
आणि वरच्या पट्टीवर इंग्रजीत उमटतं:
उत्तर देत नाहीय.

मी माऊस सोडते. चाळीसपर्यंत मोजते.
कधी अठ्ठाविसाला सुटतं,
कधी चाळीस होऊन जातात
आणि स्टुलावर बसलेले गुंडू घाडी घसा खाकरतात.
त्यांच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर, नंदगडला.
पत्रिका एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड,
कारण जावई पोलिसात, आणि त्याचं अख्खं ठाणं बैलहोंगलचं.

"ते कानडी काढून बघा की," घाडी म्हणाले,
"दोन भाषा एका कागदावर, मशीन तरी काय करंल?"
काढलं. नुसती मराठी. गोठलं.
दुपारी शिरसंगी सर आले, शाळेचा बॅनर घेऊन.
ते म्हणाले, "तुमच्या जोडाक्षरांचंच ओझं होत असेल बघा."
मराठी काढली. नुसतं कन्नड. गोठलं.
कोरं पान उघडलं, एक अक्षर नाही त्यावर,
तेही गोठलं.
दोघंही जरा हिरमुसले, असं मला वाटलं.

रात्री शटर अर्धं ओढून
टेंप फोल्डरातला कचरा उपसला,
दोनशे अकरा फाँट काढून पुन्हा घातले.
डबा उघडून रॅमची पट्टी काढली,
पोराच्या कंपासमधल्या खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले
आणि फुंकर मारली.
ती फुंकर कुणी शिकवली माहीत नाही,
सगळेच मारतात.
मधेच हेस्कॉमनं लाईट घालवली, तेव्हा बरंच वाटलं.
तेवढा वेळ तरी सगळ्या खानापूरचं बंद होतं.

शुक्रवारी शेवटी हुबळीच्या चन्नबसूला फोन.
तो कन्नडात बोलतो, मी मराठीत,
अडलं की दोघंही विंडोजच्या इंग्रजीवर येतो,
मलप्रभेच्या पुलावर दोन्हीकडच्यांनी यावं तसं.
"अक्का, प्रिंटर याव्दु?"
प्रिंटर? मी छापत कुठं होते, नुसती उघडत होते.
"डिफॉल्ट याव्दु, नोड्री."

नोडलं.
माझा इंकजेट खाली, चौथा.
सगळ्यात वर, हिरव्या खुणेसकट,
मोनाप्पा-पीसीवरचा लेझर.

मोनाप्पा बिर्जे. नऊ वर्षं अर्ध्या भिंतीपलीकडे.
भाडं निम्मं, चहा निम्मा, टोनर मात्र त्याचा.
सोमवारी वास्कोला गेला, मेव्हण्याच्या बोटीचा हिशेब लिहायला.
प्रिंटर गडहिंग्लजच्या कुणाला तरी विकला
आणि जाताना वायरीचं भोक
पेपरच्या बोळ्यानं नीट बुजवून गेला.

म्हणजे सोमवारपासून
हा प्रोग्राम पान मांडायच्या आधी
त्या बोळ्यापलीकडे विचारत होता:
कागद केवढा? समास किती सोडू?
आणि थांबत होता.
ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारत होता.
मी त्याला पाच दिवस शिव्या घातल्या.

"ब्यारेदु सेट माड्री," चन्नबसू म्हणाला. "अष्ट."
अष्ट म्हणजे एवढंच.
इंकजेटवर खूण केली, पत्रिका उघडली,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी. टक.

जुनं नाव यादीतून काढू का, मशीननं विचारलं.
मी उत्तर देणार, एवढ्यात घाडी पडद्याला नाक लावून,
ओळीओळीवर बोट ठेवत:
"धाकट्या मामाचं नाव कुठाय ओ? रुसून बसंल तो."

नाव टाकलं. क्लिक केलं.
माऊस सोडला आणि मोजायला लागले.
बाराव्या आकड्याला घाडी म्हणाले,
"आलं की ओ कवाच. कुणाची वाट बघायलाय?"