दोन बोटं

आधी साडी लोळायला लागली.
अम्मा म्हणाली, पन्हा वाढवलाय बघ की या लोकांनी,
आणि साखर पेठेतल्या दुकानदाराला ऐकवून आली तसं.
चादरीच्या मागावर जन्म गेलेले नाना
काही बोलले नाहीत.
पन्हा आपोआप वाढत नाही,
हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं.

मग शेंगाचटणीची बरणी
तिच्या हातून एक फळी वर गेली.

मग गड्डा उठला त्या आठवड्यात
तिनं चादर झटकली.
फक्त झटकली.
पडली नाही, घसरली नाही, घागर नव्हती कमरेवर.
पाठीत काडी मोडली गं, म्हणाली,
आणि तिथंच बसली,
चादरीचं एक टोक हातात धरून.

अशोक चौकातल्या दवाखान्यात
नानांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली
कापडातला दोष बघतात तशी,
एक डोळा बारीक करून.
ताणा उभा आहे, म्हणाले, बाणा गळालाय.
डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या.
हेच, म्हणाल्या, अगदी हेच.
आडवे धागे आधी जातात,
उभे तेवढे तग धरतात,
मग एके दिवशी मणका आपल्याच भारानं खाली बसतो.
एक बसलाय. दुसरा बसायच्या बेतात.

हाड म्हणजे दगड नव्हे, त्यांनी सांगितलं.
आत जन्मभर दोन पाळ्या चालतात,
एक जुनं उसवते,
एक नवं विणते.
तुमची पाळी कधी गेली, मावशी?

कुठली, अम्मा हसली, गिरणीतली का माझी?
मग बोटांवर मोजून:
अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली,
दोन्ही बीजकोशांसकट, कागद आहे ट्रंकेत.
अंगावरून जायचं, विड्या व्हायच्या नाहीत.
पंधराव्या दिवशी सूप परत मांडीवर.

तेव्हा कुणी बोललं नाही
की विणणाऱ्या पाळीतली माणसं आता कमी होणार
आणि उसवणारी ओव्हरटाइम करणार,
रात्रंदिवस,
भोंगा नाही, टाळं नाही,
गेटवर एक घोषणासुद्धा नाही.

शिवाय डी जीवनसत्त्व नाही. उन्हात बसत नाही का?

सोलापुरात!
जिथं मे महिन्यात डांबर चपलेला धरून ठेवतं,
कावळा नळाखाली चोच उघडून बसतो,
तिथं ऊन कमी पडल्याचा छापील कागद.
पण ऊन आलं की पान कडकतं,
वारा आला की तंबाखू उडतो,
म्हणून दार लोटलेलं, पंखा बंद,
फर्मा, कात्री, दोरा, हजार विड्या,
बेचाळीस वर्षं.
ती वाकत चालली हे दिसणार कुणाला?
ती कायम तशीच बसलेली.

उणे तीन पॉइंट चार, असा आकडा आला.
उणे तिला समजतं.
चेकर छाट काढून बाजूला टाकतो,
ते उणे.
एवढी छाट निघाली का गं माझी, तिनं विचारलं,
आणि मी गोळ्यांची पिशवी उगाच दोनदा मोजली.

मी चव्वेचाळीस.
या महिन्याची तारीख टळून गेली आहे माझी.
रिक्षात बसल्या बसल्या मनगट चाचपलं.
मनगट काही सांगत नाही.
मोडेपर्यंत काहीच सांगत नाही,
हीच त्याची खोड.

आता अकरा वाजता
आम्ही दोघी गच्चीवर बसतो, हात उघडे टाकून.
शेजारच्या पोशव्वा विचारतात, पापड का?
हाडं वाळवतोय, अम्मा सांगते.
पाठीला पट्टा, पुढ्यात दुधाचा पेला,
विड्यांचं सूप खाली, झाकून.
पगाराच्या दिवशी त्याचा हिशेब होईल,
तो अजून कुणी काढलेला नाही.

काल सुई-दोरा घेऊन तिच्या साडीपाशी बसले.
दोन बोटं जास्त होत होती.
कात्री हातात बघून तिनं माझा हात धरला.
कापू नको गं,
नुसती दुमड.
उद्या वाढले बिढले तर?