एकास बत्तीस

आधी भांड्यांच्या साबणानं धू.
प्लॅस्टिकवर साच्याचं तेल असतं, आपल्याला दिसत नाही,
रंगाला कळतं. तो सोलून येतो.
मग हात पूस. मग पंखा बंद कर, संमती,
नाहीतर अर्धं इंजिन कपाटाखाली शोधावं लागेल.

बॉयलर म्हणजे नळाचा इंची पाइप.
वीतभर मागितला की स्टेशन रोडचा दुकानदार हसतो.
हसू दे.
वरच्या घुमटाला भोपळ्याचा तुकडा.
मुनीर शिकलगार सतारीचा भोपळा कापतो
तेव्हा खाली टवके पडतात, आपसूक गोलावा असलेले.
न्या बाई, म्हणतो, नाहीतरी चुलीतच जातात.
तुटक्या ताराही तोच देतो,
पोलादीचा कठडा, पितळीची नळी.
पक्कडीत वाकवताना एखादी अजून वाजते.

सनबोर्ड एका दमात कापू नकोस.
पातं तीनदा फिरव,
तिसऱ्यांदा नुसतं आठवण दिल्यासारखं.
रिव्हेटना शाई संपलेलं बॉलपेन.
गोळ्यांच्या पाकिटाची चांदी उलटी घाल
आणि मोजत टोच, एका बाजूला एकशे अठरा.
मी सत्तरच्या आसपास चुकते. दर वेळी.

खिडकीच्या काचेला फेव्हिक्विक लावलंस
तर तिला मोतीबिंदू होतो.
तिथं साधा फेव्हिकॉल, सुईच्या टोकावर.
कृष्णेला पाणी चढलेलं असताना वॉर्निश नको,
ओल्या हवेत चकाकीवर साय धरते.
धुळीसाठी एकदा मी हळद वापरली,
राजापुरी, घरात होती म्हणून.
सहा महिन्यांत उन्हानं पिऊन टाकली.
आता विटेची भुकटी, जुन्या पायमोज्यातून चाळून.

आणि काळा रंग डबीतला तसाच कधी नको.
एवढ्याशा इंजिनावर तो भोक पडल्यासारखा दिसतो.
थोडा तपकिरी घाल, नखभर निळा.

हे सगळं केलं होतं मी, अगदी असंच,
तेव्हा रायगोंडा खोत आले, नातवाच्या स्कूटरवर मागं बसून.
नॅरो गेजवर सगळी नोकरी.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"अशी गाडी मी एकदाच बघितली," म्हणाले,
"कुर्डुवाडीच्या शेडातनं रंगून आली त्या दिवशी.
दुसऱ्या दिवशी ती आमची झाली."

मग बोटानं दाखवत गेले.
इथं पाण्यातला चुना, पांढरे ओघळ.
ही पायरी मधोमध उघडी, माझ्या टाचेनं.
इथं फायरमन हात पुसायचा, सांगून थकलो.
मी माझा सगळ्यात बारीक ब्रश त्यांना दिला.
(ब्रश जवळजवळ कोरडा हवा.
वर्तमानपत्रावर पुसत राहायचं,
आता काहीच उरलं नाही वाटलं, की सुरू करायचं.)
हात थरथरत होता त्यांचा.
ओघळ तसेच उतरले, अडखळत, मधेच जाड.
चाळीस वर्षं चित्रकला शिकवली मी,
मला ते जमले नसते.

शेवटी मी माणूस काढला, डबीतून, कापसातून.
सव्वापाच सेंटिमीटर, खाकी, गळ्यात लाल रुमाल.
त्यांनी तळहातावर घेतला, उलटा करून बघितला.
"फार ताठ आहे हा.
एवढं ताठ कोण उभं राहतंय पाच तास?"
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.
मागायचा कसा? मी चहा केला.

कॅब अजून रिकामी आहे.
नवा माणूस तू कर.
आत तारेचा सांगाडा, वर पुट्टी,
आणि ओली आहे तोवरच वाकव त्याला.
कोपर खिडकीबाहेर,
मान जराशी पुढं काढलेली,
आरगचं फाटक उघडंय का बघताना असते तशी.
मग रात्रभर हात लावू नकोस.